आमची होडी टपावर चढते

न्यूयॉर्क म्हटले की आपल्याकडील मंडळींच्या डोळ्यांपुढे गगनाला भिडलेल्या इमारतींचे शहर उभे राहते. परंतु त्याच नावाच्या राज्याच्या उत्तर भागात, त्या शहरापासून मोटारीने चार-साडेचार तासांच्या अंतरावर, अ‍ॅडिराँडॅक नावाचा एक डोंगराळ आणि निबिड अरण्याचा मुलूख आहे, याची वार्ता पुष्कळांना नसते. १८९२ साली राज्याने या मुलखास उद्यान म्हणून जाहीर केले आणि १८९४ च्या राज्यघटनेत येथील सरकारी अरण्य ‘सदैव वन्य’ राखावे असे कलम घातले. आज या उद्यानाचा विस्तार सुमारे साठ लाख एकर असून त्यात गावेही आहेत, खाजगी जमिनीही आहेत, आणि लहानमोठी मिळून सुमारे तीन हजार सरोवरे व तळी आहेत.

या पाण्याची मौज अशी की, ते सलग असूनही सलग नाही. एका सरोवरातून दुसऱ्यात जावयाचे तर मध्ये कोठे धबधबा, कोठे खडकाळ ओहोळ, तर कोठे नुसताच टेकाडाचा उंचवटा आडवा येतो. तेथे उतरावयाचे, होडी डोक्यावरून खांद्यांवर घ्यावयाची आणि पायवाटेने पलीकडच्या पाण्यापर्यंत चालत जावयाचे. अशा पायवाटेस या भागात ‘कॅरी’ म्हणतात. म्हणजे अक्षरशः ‘वाहणे’. तात्पर्य, काही वेळ होडीने माणसास वाहावयाचे आणि काही वेळ माणसाने होडीस, असा येथील प्रवासाचा जुना करार आहे. मोटारी आल्यापासून या करारात आणखी एक कलम वाढले. होडी घरी ठेवलेली असते आणि सरोवर शंभर मैलांवर. तेव्हा तिला प्रथम मोटारीच्या टपावर चढवावे लागते. आज त्या चढविण्याविषयीच चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

आम्ही स्केनेक्टडी या गावी राहतो. विजेच्या यंत्रांच्या कारखान्यांमुळे नावारूपास आलेल्या या गावात अभियंत्याची नोकरी करण्यात आमचे आयुष्य गेले. होडीचा नाद मूळचा आमचा नव्हे. आम्ही पुण्याचे, पाण्याशी संबंध मुठेच्या पुरापुरता, तोही लकडी पुलावरून पाहण्याचा. नाद होता तो आमच्या कुटुंबाचा. तिचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले खरे, पण आजोळ कोकणात, खाडीच्या काठी. तेथे सुटीत तरीतून पलीकडे जाण्यासाठी ती उगाच कामे काढीत असे. १९९६ साली एका निवृत्त शिक्षकाच्या अंगणात जुन्या सामानाची विक्री चालली होती. तेथे तिने एक सतरा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी पाहिली, तिच्या कडेवर बोटे वाजवून पाहिली, आणि आम्ही खिशात हात घालण्यापूर्वीच सौदा ठरविला. ही होडी अद्याप आमच्याजवळ आहे.

तिचे वजन ७५ पौंड, म्हणजे ३४ किलो. दोघांच्या हातांत ते काहीच नव्हते. एकाने पुढचे टोक धरावयाचे, दुसऱ्याने मागचे. ‘एक, दोन, तीन’ म्हणताच होडी पालथी होऊन टपावरच्या कॅरियरच्या दोन दांड्यांवर जाऊन बसे. मग आम्ही पट्टा पलीकडे फेकावयाचा, तिने तो दांडीखालून घेऊन परत अलीकडे फेकावयाचा, आणि आम्ही बक्कल ओढावयाचे. पाच मिनिटांचे काम. पंचवीस उन्हाळे ते आम्ही इतक्या सहज केले की, त्यात काही विद्या आहे अशी शंकाही आम्हांस कधी आली नाही.

२०२२ च्या जानेवारीत ती गेली. त्या वर्षीचा आणि त्यापुढचाही उन्हाळा होडी अंगणात मेपलच्या झाडाखाली पालथी पडून होती. तिच्यावर पाने साचली. खाली एका खारीने बिऱ्हाड केले. चिरंजीव कॅलिफोर्नियात असतात. त्यांनी दूरध्वनीवरून सुचविले, “बाबा, ती होडी आता विकून टाका. तुम्हांला जावेसे वाटले तर तळ्यावर भाड्याने मिळते.” सूचना शहाणपणाची होती, म्हणूनच आम्हांला तिचा राग आला. शेजारचे गृहस्थ भले आहेत, ते म्हणाले, “हाक मारा, मी उचलू लागेन.” एका रविवारी आम्ही हाक मारली. सहा वाजता येतो म्हणाले आणि नऊ वाजता आले. तोवर ऊन चढले, वारा सुटला, आणि आमचा जाण्याचा उत्साह मावळला. त्यांचा काय दोष? रविवार त्यांचाही होता. परंतु त्या तीन तासांत पायरीवर बसून एक गोष्ट आम्हांला स्पष्ट दिसली. ज्या सकाळी जावेसे वाटेल त्या सकाळी जाता आले नाही, तर होडी असून नसल्यासारखीच. तेव्हा एक तर ती विकावयाची, नाही तर एकट्याने चढवावयास शिकावयाचे.

हलकी होडी घ्यावी हा तिसरा मार्ग होता, आणि या मुलखाचा इतिहास पाहता तो पूर्वापार चालत आलेला आहे. येथील जुने वाटाडे शिकाऱ्यांना व हौशी पाहुण्यांना घेऊन हिंडत. त्यांची ‘गाइडबोट’ सुमारे सोळा फूट लांब, दोन्हीकडे निमुळती आणि वल्ह्यांनी हाकावयाची असे. स्प्रूस झाडाच्या मुळांच्या नैसर्गिक बाकातून तिच्या बरगड्या कापून काढीत, म्हणजे लाकूड पातळ असूनही बळकट राही. वाटेत ‘कॅरी’ आली की वाटाड्या एक लाकडी जू होडीत आडवे बसवी आणि ते खांद्यांवर घेऊन चालू लागे. आपल्याकडे जू बैलाच्या मानेवर असते; येथे ते माणसाच्या मानेवर, आणि वर होडी छत्रीसारखी.

पुढे १८८३ साली जॉर्ज वॉशिंग्टन सेअर्स नावाच्या गृहस्थाने याहून पुढची मजल मारली. हा पेनसिल्व्हेनियातला जोडे शिवणारा. ‘नेसमक’ या टोपणनावाने मासिकांत लिहीत असे. वय साठीच्या पुढे, अंगाने लहानखुरा, छाती दुखणाईत. वाटाड्याला द्यावयास पैसा नाही आणि जड होडी उचलावयास अंगात बळ नाही, अशा स्थितीत त्याने कँटन गावच्या रश्टन नावाच्या कारागिराकडून नऊ फुटी होडी करवून घेतली. तिचे वजन भरले साडेदहा पौंड. आपल्या मापाने पावणेपाच किलोंच्या आसपास. डिकन्सच्या कादंबरीतील पाण्याला न शिवणाऱ्या मद्यप्रेमी बाईवरून त्याने तिचे नाव ‘सेअरी गँप’ ठेवले, कारण ही होडीही पाणी आत घेत नसे. तीतून त्याने या सरोवरांत सुमारे २६६ मैलांचा प्रवास एकट्याने केला. ब्लू माउंटन सरोवराकाठच्या संग्रहालयात ती होडी आम्ही दोघांनी पाहिली होती. एखाद्या मोठ्या शेंगेचे टरफल टांगून ठेवावे तशी ती दिसते.

आमची होडीही अशाच एका खांदेदुखीची संतती आहे, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. ग्रमन या विमाने बांधणाऱ्या कंपनीतील हॉफमन नावाचे अधिकारी १९४४ साली याच मुलखात लाकूड व कॅनव्हासची होडी वाहून थकले. विमानाचा पत्रा होडीला का चालू नये, असा प्रश्न त्यांना पडला, आणि १९४५ पासून अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या निघू लागल्या. त्या काळी ती हलकीच म्हणावयाची. आज कृत्रिम धाग्यांच्या विणीच्या होड्या तिच्या जवळजवळ निम्म्या वजनाच्या मिळतात. आम्ही दुकानात जाऊन एक उचलूनही पाहिली. सुपासारखी वर आली. पण किंमत विचारून परत आलो असे म्हणणे अर्धेच खरे होईल. दुसरी होडी घरी आणावयाची म्हणजे मेपलखालची कोणाला तरी द्यावयाची, हे आमच्याने होईना.

म्हणून २०२४ च्या ऑगस्टात आम्ही अभ्यासास लागलो. जन्मभर यंत्रांचा हिशेब केला, आणि ३४ किलो ३४ किलो म्हणून दोन वर्षे हातपाय गाळून बसलो होतो! वस्तुतः ते वजन एकदम उचलावयाचे कारणच नव्हते. लांब वस्तूचे एक टोक जमिनीवर टेकलेले असताना दुसरे उचलले, तर हातावर निम्माच भार येतो. उरलेला भार जमीन धरते. पुढचे टोक उचलून टपावर टेकविले की तो भार मोटारीने घेतला. मग मागे जाऊन मागचे टोक उचलावे; पुन्हा निम्मेच. सतरा किलो म्हणजे गव्हाच्या पिठाच्या लहान पोत्याएवढे. ते आम्ही अद्याप घरात आणतो.

रीत अशी. मोटारीच्या मागे, तिच्या रेषेत, होडी पालथी ठेवावी. टपाच्या मागच्या कडेवर एक जाड गोधडी पसरावी, नाही तर रंग खरवडून निघतो. कॅरियरच्या मागच्या दांडीस सतरंजीचा तुकडा गुंडाळावा, म्हणजे होडी अडकत नाही आणि खडखडतही नाही. पुढचे टोक दोन्ही हातांनी उचलावे, ते कमरेतून नव्हे, गुडघ्यांतून. आणि दांडीवर टेकवावे. ते टेकले की घाई न करता क्षणभर थांबावे. मग मागे जाऊन मागचे टोक उचलावे व पुढे ढकलीत चालावे. होडी दांडीवरून सरकत जाते आणि भार पुढे जाऊ लागला की हातातले ओझे हळूहळू हलके होते. शेवटची दोन फुटे तर बोटाने लोटावी तशी जाते.

हे सर्व कागदावर. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी गवतावर दव होते. आम्ही पुढचे टोक मोठ्या रुबाबात दांडीवर टेकविले, पाठ फिरविली, आणि मागचे टोक गवतावरून सरकन् मागे घसरले. पुढचे टोक टपावरून खाली आले ते येता येता मोटारीच्या मागच्या दिव्याची लाल काच घेऊनच. तो आवाज ऐकून शेजारच्या खिडकीचा पडदा हलला, व आमच्या भिडेखातर लगेच सोडलाही गेला. नंतरच्या दिवसापासून आम्ही मोटार अशी उभी करू लागलो की मागचे टोक मेपलच्या मुळाला अडावे, आणि जेथे झाड नसेल तेथे त्याखाली पायपुसणे दुमडून घालू लागलो. वाऱ्याचाही अनुभव घेतला. होडी उचलताना ती वाऱ्याला आडवी असेल तर शिडासारखी भरते. तेव्हा मोटारीचे तोंड वाऱ्याकडे करावे हे बरे. पंधरा दिवसांत आमचे दोन्ही दंड काळेनिळे झाले, पण होडी सातांपैकी सहा वेळा नीट चढू लागली.

बांधणे हा निराळा अध्याय आहे. दोन पट्टे होडीवरून आडवे, आणि पुढच्या व मागच्या टोकापासून मोटारीच्या खालच्या कड्यांपर्यंत एकेक दोर. नुसत्या पट्ट्यांवर विसंबणे धोक्याचे. हमरस्त्यावर समोरचा वारा पुढचे टोक उचलू पाहतो. दोराची गाठ मालमोटारवाले मारतात ती. दोराच्या मध्यावर एक फास करावा, टोक खालच्या कड्यातून घेऊन त्या फासातून परत ओढावे. कप्पीसारखे काम होते, आणि म्हाताऱ्या हातांनाही दोर तारेसारखा ताणता येतो. पट्टे मात्र फार ओढू नयेत, पत्रा दबतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एके पहाटे आम्ही निघालो. या दिवसांत तिकडचे मेपल लाल होऊ लागतात, आणि जूनमध्ये जीव नकोसा करणाऱ्या काळ्या माश्या नसतात. डब्यात थालीपीठ, बाटलीत चहा. उत्तरेच्या महामार्गाला लागलो, वेग साठ मैलांवर गेला, आणि डोक्यावर कोणी तरी घुमू लागले. प्रथम वाटले, यंत्र बिघडले. वेग कमी केला की आवाज थांबे. वाढविला की पुन्हा तंबोऱ्याची तार कोणी छेडीत राहावी तसा अखंड घुमे. पंचवीस वर्षांत असा आवाज कधी झाला नव्हता. कोठे काय सुटले, होडी मागच्या गाडीवर तर जाऊन पडणार नाही ना, या विचाराने हातास घाम सुटला. ग्लेन्स फॉल्सजवळ प्रवाशांसाठी विश्रांतीची जागा आहे तेथवर कसेबसे गेलो आणि उतरून सर्व गाठी तपासल्या. सगळे जेथल्या तेथे होते.

शेजारी एका लहानशा मोटारीवर लांबट होडी बांधलेली होती. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. त्याही एकट्याच होत्या. आमची लगबग पाहून त्या जवळ आल्या, आमच्या पट्ट्यावर बोट ठेवून हसल्या आणि म्हणाल्या, “घुमतो ना? याला एक पीळ द्या.” सपाट पट्टा ताणून वाऱ्यात धरला की तो फडफडून गाऊ लागतो, त्यास एकच वळसा दिला की त्याची पाती ठिकठिकाणी निराळ्या दिशेस वळते, वाऱ्यास एकसारखी धरता येत नाही, आणि आवाज बंद होतो. एवढीच गोष्ट. आम्ही आभार मानले. त्या निघून गेल्या.

आम्ही पट्टा सोडला. त्यास पीळ घालण्यासाठी पलीकडच्या बाजूस जावे लागले, आणि तेथे उभे राहिल्यावर आठवले. ही तिची बाजू. आम्ही पट्टा फेकीत असू तो सपाट. तिच्याकडून परत येई तो पिळलेला. दर वेळी. अभियंत्याच्या डोळ्यास तो पीळ खुपे. “अगं, पट्टा पिळला गेला आहे, सपाट घे,” असे आम्ही किती वेळा म्हटले असेल. “राहू द्या हो तसाच,” एवढेच तिचे उत्तर. बायकांच्या कामात नीटनेटकेपणा असतो, पण बांधाबांधीत नाही, असा एक सिद्धान्तही आम्ही मनाशी करून ठेवला होता, आणि एकदा तर चार पाहुण्यांसमोर बोलूनही दाखविला होता. ती तेव्हा हसली होती. हे तिला कोणी सांगितले होते, की चाळीच्या गॅलरीत वाऱ्यावर फडफडणाऱ्या लुगड्यांना पीळ देता देता तिला ते आपोआप समजले होते, हे विचारावयाची वेळ आम्ही केव्हाच दवडली होती.

दोन्ही पट्ट्यांना पीळ दिला. पुढची साठ मैल वाट निःशब्द गेली. वॉरेन्सबर्ग, नॉर्थ क्रीक, इंडियन लेक ही गावे मागे पडली, आणि झाडांच्या फटीतून ब्लू माउंटन सरोवर दिसू लागले.

दोघांच्या होडीत एकट्याने बसावयाचे तर पुढच्या बैठकीवर मागे तोंड करून बसावे, म्हणजे भार मध्याकडे येतो. नाही तर नाळ वर उचलली जाऊन होडी वाऱ्याबरोबर गिरक्या घेते. असे उलटे बसून आम्ही ब्लू माउंटन, ईगल आणि उटोवाना ही तीन सरोवरे ओलांडली. उटोवानाच्या पश्चिम टोकास ‘मॅरियन नदीची कॅरी’ लागते. तीपलीकडे नदी, आणि नदीतून पुढे रॅकेट सरोवर. ही चाल एका मैलाहूनही कमी आहे. एवढ्याशा वाटेवर १९०० सालापासून १९२९ पर्यंत रुळावरून आगगाडी धावत होती! अलीकडे एक आगबोट, पलीकडे एक, आणि मध्ये पाहुण्यांस पायी चालावे लागू नये म्हणून ही गाडी. मोटारीचे रस्ते झाले आणि ती बंद पडली. तिचे इंजिन आता संग्रहालयात आहे. आज तेथे सावली, पालापाचोळा आणि पायवाट.

पूर्वी आम्ही दोघे होडी उचलून ही वाट चालत असू, तिचे टोक पुढे आणि आमचे मागे. वाटेत दोनदा टेकावयाचे आणि दुसऱ्या खेपेस गूळपापडीची वडी खावयाची, असा नेम. या खेपेस आम्ही काठावर उतरलो, होडी वाळूवर ओढली, आणि तिच्या मध्यावरच्या जुवाकडे पाहत थोडा वेळ बसलो. मोटारीवर चढविताना निम्मा भार जमीन घेते, निम्मा मोटार. पायवाटेवर खांद्यांना वाटेकरी कोणी नाही. सदुसष्टाव्या वर्षी ३४ किलोंचे जू मानेवर घेऊन दगडधोंड्यांतून जाणे हा वेडेपणा झाला असता, आणि नेसमकची शेंग आमच्याजवळ नव्हती. थालीपीठ खाल्ले, चहा घेतला, थोडे अंतर मोकळ्या हातांनी चालून आलो, आणि होडी परत फिरविली.

किनाऱ्यास लागलो तेव्हा उजेड कमी झाला होता व खांदे भरून आले होते. एक तरुण जोडपे जवळच आपले सामान आवरीत होते. मुलाने विचारले, “हात लावू का?” सकाळी कोणी विचारले असते तर आम्ही नाही म्हटले असते. आता त्याला मागचे टोक पायाने अडवून धरावयास सांगितले, पुढचे आम्ही चढविले, आणि मग दोघांनी मिळून होडी पुढे लोटली. मुलगी पलीकडच्या बाजूस जाऊन उभी राहिली. आम्ही पट्टा फेकला. तिने तो दांडीखालून घेऊन अगदी सपाट, सुबक, परत फेकला.

आम्ही मोटारीस वळसा घालून तिच्या बाजूस गेलो, पट्टा सोडविला आणि त्यास एक पीळ दिला. तिने कारण विचारले, ते सांगितले. दुसऱ्या पट्ट्यास तिने आपण होऊन पीळ घातला.

इंडियन लेक सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि वेग वाढला. आम्ही काच थोडी खाली करून ऐकले. चाकांचा तेवढा आवाज येत होता.